घरचें यंत्र, परक्याचें कुलूप

गेल्या दिवाळीच्या आधीं आमच्या घरीं माळ्याची आवराआवर चालली असतां चकलीच्या सोऱ्याच्या डब्यामागून एक खोकें निघालें. त्यांत सुमारें तीस वर्षांपूर्वीं घरांत आलेला 'टीव्ही गेम' होता. दोन हातयंत्रें, त्यांतील एकाची तार उंदरांनीं कुरतडलेली, आणि चार पिवळ्या कॅसेटी. १९९० नंतरच्या दहा वर्षांत हें यंत्र मध्यमवर्गाच्या किती घरांत शिरलें होतें तें आमच्या वाचकांस सांगावयास नको. मे महिन्याची सुट्टी, भावंडांची रांग आणि "एक डाव माझा" म्हणून होणारीं भांडणें ज्यांस आठवत नसतील, त्यांच्या घरीं एक तर मुलें नसतील, किंवा शिस्त फारच कडक असेल. खोकें भंगारवाल्याकडे जावयाचें, तें आमच्या पुतण्यानें मध्येंच अडविलें. हा पुतण्या अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत शिकतो.

माघी गणपतीच्या दिवशीं जेवणें झाल्यावर त्यानें सर्वांस दिवाणखान्यांत बोलाविलें. पडद्यावर घागर घेतलेली एक मुलगी जिना चढत होती, आणि पायऱ्यापायऱ्यांवर माकडें तिला आडवीं येत होतीं. "हा खेळ कोठें मिळाला रे?" असें आजींनीं विचारलें. तो म्हणाला, "आजी, मिळाला नाहीं. मीं लिहिला." घरांत जें कौतुक व्हावयाचें तें झालें. आमचे थोरले बंधु, ज्यांना सारें घर अण्णा म्हणतें, ते मात्र स्वस्थ बसले होते. दिवाणी न्यायालयांत त्यांचा जन्म गेला आहे. थोड्या वेळानें त्यांनीं विचारलें, "यंत्र ज्यांचें, त्यांची परवानगी घेतलीस काय?" मुलगा गप्प बसला. आम्हीहि गप्प बसलों, कारण आम्हांस उत्तर ठाऊक नव्हतें. गेले दोन महिने आम्ही त्या उत्तराच्या मागें आहों.

या उद्योगास इंग्रजींत 'होमब्रू' असें नांव आहे. शब्दशः अर्थ घरीं केलेलें मद्य. तेव्हां पुतण्याच्या तोंडून तो शब्द प्रथम ऐकतांच वहिनींच्या हातांतील लाटणें थांबलें, हें ओघानें आलेंच. मद्याचा येथें कांहीं संबंध नाहीं. ज्या खेळयंत्रासाठीं केवळ कंपनीच्या परवान्यानेंच खेळ निघावयाचे, त्यासाठीं एखाद्या हौशी माणसानें कंपनीस न विचारतां, घरीं बसून, स्वतःच्या बुद्धीनें खेळ अगर दुसरा एखादा प्रोग्रॅम लिहावा, एवढाच त्याचा अर्थ. बाजारांतील खेळाची नक्कल करून तो फुकट खेळणें ही निराळी गोष्ट आहे, आणि तिला चोरी हेंच नांव आहे. या दोहोंची गल्लत विकणारे करतात, घेणारे करतात, आणि कांहीं वेळां हौशी मंडळीहि करतात.

प्रथम श्रमाविषयीं लिहितों, कारण अण्णांच्या प्रश्नांत श्रमाचा विचार आलेला नव्हता. आमच्या घरांतील यंत्र म्हणजे जपानच्या निन्टेंडो कंपनीनें १९८३ सालीं काढलेल्या 'फॅमिकॉम' यंत्राची नक्कल. (तेव्हां परवानगी मागावयाची ती मूळ कंपनीची कीं नक्कल करणाराची, हा एक पोटप्रश्न आहेच!) त्या यंत्राची कामाची स्मृति अवघी २०४८ बाइट. हल्लींच्या संगणकांत देवनागरीचें एकेक चिन्ह ठेवण्यास सामान्यतः तीन बाइट लागतात. त्या हिशेबानें या लेखाचे पहिले दोन परिच्छेदहि तेथें मावणार नाहींत. खेळाच्या आज्ञा व चित्रें कॅसेटींत असतात हें खरें, परंतु चालू डावांत जें जें बदलतें, म्हणजे कोण कोठें आहे, किती प्राण उरले, कोणती कळ दाबली, तें बहुतेक सारें या एवढ्याशा जागेंत लिहावें लागतें.

शिवाय एका आडव्या रेषेंत हलत्या चित्रांचे आठांहून अधिक तुकडे हें यंत्र काढूं शकत नाहीं. पुतण्याचें एक माकड रुंदीला दोन तुकड्यांचें. चार माकडें एका पायरीवर जमलीं कीं आठ तुकडे पुरे होत, आणि बिचारी घागरवाली मुलगीच दिसेनाशी होई. आठ दिवस तो या एका गोष्टीपाशीं अडला होता. जेवतांना सुद्धां पानावर बोटानें चौकोन काढी. शेवटीं त्याला तोड सांपडली ती अशी कीं, दर चित्रागणिक तुकड्यांचा क्रम फिरवावयाचा, म्हणजे कोणीच कायमचें नाहींसें न होतां सगळींच थोडथोडीं लुकलुकतात. मग त्याच्या ध्यानांत आलें कीं, जुन्या कॅसेटींतील खेळांत दाटी झाली म्हणजे जी लुकलुक दिसते ती हीच! चाळीस वर्षांपूर्वींच्या जपानी कारागिरांनीं हीच अडचण याच रीतीनें सोडविली होती. एखाद्या विद्यार्थ्याला जुन्या ग्रंथांतील अडलेला श्लोक स्वतः लागावा आणि मागाहून टीकाकारानेंहि तोच अर्थ केलेला आढळावा, तसा त्याचा चेहरा त्या दिवशीं झाला होता.

त्याचीं साधनेंहि हौशी लोकांनींच केलेलीं. सी भाषेंतील मजकूर यंत्राच्या भाषेंत उतरविणारा 'सीसी६५' हा प्रोग्रॅम अशाच मंडळींनीं लिहून फुकट वाटला आहे. या विद्येची मजल कोठवर जाते तें पाहावयाचें असल्यास जर्मनींतील मॉर्फकॅट गेम्स या छोट्या मंडळीचा 'मायक्रो मेजेस' हा २०१९ सालचा खेळ पाहावा. चौघांनीं मिळून खेळावयाचा हा खेळ अवघ्या ४० किलोबाइटांत बसविला आहे. खिशांतील फोननें काढलेला एकच फोटो याच्या कित्येक पट भरतो.

आतां कुलुपाची हकीकत. १९७७ सालीं निघालेल्या अटारी २६०० या अमेरिकन यंत्रास कुलूप नव्हतें. ज्याला त्याची रचना उमगली त्यानें त्यासाठीं खेळ करावा व विकावा. त्यांतून धान्य निघालें तसाच भुसाहि पुष्कळ निघाला, आणि १९८३ मध्यें अमेरिकेंतील हा सारा बाजार कोसळला. त्यानंतर १९८५ मध्यें निन्टेंडोनें आपलें यंत्र त्या देशांत नेलें तेव्हां त्यांत एक चिप बसविली व तिची जोडीदारीण प्रत्येक कॅसेटींत ठेविली. यंत्र सुरू होतांच दोघी ठराविक क्रमानें आंकडे म्हणूं लागतात. पाठशाळेंतील दोन विद्यार्थ्यांनीं एकमेकांची संहिता ताडून पाहावी तसा हा प्रकार. पाठांतर जुळलें तर खेळ चालतो. न जुळलें तर यंत्र पुनःपुन्हां पहिल्या पायरीवर येतें आणि पडदा उघडझाप करीत राहतो. कॅसेटी निन्टेंडोच करून देई, आणि परवाना घेतलेल्या कंपनीसहि वर्षास पांचच खेळ काढण्याची मुभा असे. भुसा थांबला हें खरें. चाळण मात्र एकाच दुकानदाराच्या हातीं गेली.

परंतु १९८३ च्या जपानी यंत्रांत ही चिप नव्हती, आणि आपल्या बाजारांत आलेल्या नकला त्या जपानी यंत्राच्या होत्या. आमच्या माळ्यावरील यंत्राला कुलूप कधीं लागलेंच नव्हतें. मग तें पुतण्यानें फोडलें असें कोणत्या तोंडानें म्हणावें? अण्णांना हें सांगितलें तेव्हां ते एवढेंच म्हणाले, "यंत्राचें झालें. आतां माणसाच्या वर्तनाचें सांगा."

त्यासाठीं आम्हीं अमेरिकेंतील १९९२ सालचे दोन निकाल त्यांच्यापुढें ठेविले. अटारी गेम्स या कंपनीला निन्टेंडोच्या चिपमधील तो पाठ हवा होता. तिच्या वकिलांनीं तेथील कॉपीराइट कार्यालयांत, चालू दाव्याच्या कामासाठीं हवी, अशी खोटी सबब सांगून त्याची नक्कल मिळविली. अपील न्यायालयानें म्हटलें कीं, न्यायानें हातीं आलेली वस्तु उलगडून तिच्यामागील कल्पना समजून घेणें हा दोष नव्हे. परंतु प्रतच लबाडीनें आणलेली असल्यास हा बचाव चालणार नाहीं. त्याच वर्षीं दुसऱ्या अपील न्यायालयापुढें सेगा आणि अकोलेड यांचा वाद गेला. अकोलेडनें सेगाचे खेळ बाजारांतून रीतसर विकत घेतले, ते उलगडून यंत्राला काय लागतें तें शोधलें, आणि मग आपले स्वतंत्र खेळ लिहिले. तें कृत्य न्यायालयानें वाजवी ठरविलें. काम एकच, वाट निराळी. अण्णांना हे दोन्ही निकाल इतके आवडले कीं, त्या रात्रीं आमटी निवाली तरी त्यांचें बोलणें संपेना.

कंपन्यांनीं आपण होऊन दार उघडल्याचींहि उदाहरणें आहेत. सोनीनें १९९६-९७ मध्यें 'नेट यारोझे' नांवाचें काळ्या रंगाचें प्लेस्टेशन हौशी लोकांस विकलें. त्या जपानी नांवाचा अर्थच 'चला, मिळून करूं' असा आहे. मायक्रोसॉफ्टनें २०१६ मध्यें एक्सबॉक्स वनवर साध्या गिऱ्हाइकासहि आपला प्रोग्रॅम चालवून पाहण्याची सोय केली. पण दिलेलें परत घेतल्याचीहि एक हकीकत आहे, आणि ती वाचून आम्हांस खरा संताप आला. २००६ सालीं निघालेल्या प्लेस्टेशन ३ यंत्रावर मालकास लिनक्स चालवितां येत असे. ही सोय सोनीनें स्वतः दिलेली होती. अमेरिकेच्या हवाई दलानें तर अशीं १,७६० यंत्रें जोडून एक महासंगणक उभा केला. १ एप्रिल २०१० रोजीं सोनीनें सुरक्षिततेचें कारण सांगून ती सोय काढून घेतली. जो नवी आवृत्ति घेणार नाहीं त्याची सोय राही. परंतु मग त्याला दूरच्या गड्यांशीं खेळतां येत नसे. कोणी कोकणांतील घर विकून पैसे मोजून घ्यावे, आणि चौथ्या वर्षीं येऊन "माजघराची किल्ली द्या, नाहींतर विहिरीवर येऊं देणार नाहीं" असें म्हणावें, त्यांतलाच हा प्रकार. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत बर्लिन येथील एका परिषदेंत कांहीं संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, यंत्राच्या सहीच्या गणितांत दर वेळीं नवा आंकडा घ्यावयास हवा तेथें सोनीनें एकच आंकडा वापरला आहे, आणि त्यामुळें गुप्त किल्ली साध्या गणितानें काढतां येते. लिनक्सची सोय होती तोंवर हें यंत्र फोडण्याकडे फारसें कोणी वळलें नव्हतें, असेंहि त्यांनीं सांगितलें.

कुलुपें उघडण्याच्या कांहीं रीति मात्र मौजेच्या आहेत. निन्टेंडोच्या वी यंत्राच्या स्मृतीचा बंद भाग वाचण्यासाठीं एका मंडळानें चिमट्यानें दोन टोकें जोडलीं. त्या चिमट्यावरूनच 'ट्वीझर्स' असें त्यांचें नांव पडलें. पुढें २००८ मध्यें त्यांनीं 'झेल्डा' खेळाच्या एका डावाची अशी नोंद तयार केली कीं, तींत नायकाच्या घोडीचें नांव वाजवीपेक्षां फार लांब लिहिलेलें होतें. यंत्रानें नांव मोजून घेतलें नाहीं. जास्तीचीं अक्षरें भलत्या जागीं सांडलीं, आणि त्या सांडलेल्या अक्षरांतच यांची आज्ञा दडलेली होती. घोडीच्या नांवानें उघडलेल्या या दारांतून हौशी प्रोग्रॅमांचें एक दालनच त्या यंत्रावर आलें.

दार उघडलें म्हणजे मागोमाग चोरहि येतात, हें लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं. ट्वीझर्स मंडळी चोरीच्या खेळांविरुद्ध होती. तरी त्यांच्या कामाच्या आधारें इतरांनीं तेंच केलें. कुलूप काढण्याचीं साधनें विकून पैसा करणाऱ्या टीम एक्झेक्युटर या टोळीच्या एका माणसास २०२२ मध्यें अमेरिकेंत ४० महिन्यांची शिक्षा झाली, आणि त्याबद्दल आम्हांस दुःख नाहीं. कंपन्या त्यामुळें अधिकाधिक कडक होत गेल्या. २०१८ मध्यें निन्टेंडोच्या स्विच यंत्राच्या मुख्य चिपमध्येंच असा दोष सांपडला कीं, बाजूच्या खांचेंत तारेचा तुकडा घालून तें उघडतां येई, आणि विकल्या गेलेल्या यंत्रांत तो दुरुस्त करतां येण्यासारखा नव्हता. कंपनीनें पुढील यंत्रांत तो बुजविला. २०२५ मध्यें अमेरिकेंतील गिऱ्हाइकांच्या करारांत तिनें कलम घातलें कीं, अटी मोडणाराचें यंत्र कायमचें निरुपयोगी करण्याचा अधिकार आम्हांस आहे. पैसे देऊन घरीं आणलेल्या वस्तूबद्दल हें कलम आहे, याकडे वाचकांनीं लक्ष द्यावें.

म्हणून सध्यांची स्थिति विचित्र आहे. नव्या यंत्रांचीं दारें अरुंद होत आहेत, आणि जीं यंत्रें कंपन्यांनीं केव्हांच टाकून दिलीं त्यांच्या अंगणांत गर्दी आहे. सेगानें ड्रीमकास्ट यंत्र करणें २००१ मध्यें बंद केलें, तरी त्यासाठीं अजून नवे खेळ निघतात. तिच्याच मेगा ड्राइव्हसाठीं 'टँगलवुड' हा खेळ २०१८ मध्यें व 'झेनो क्रायसिस' २०१९ मध्यें निघाला. उलट निन्टेंडोनें वीचें दुकान २०१९ मध्यें आणि थ्रीडीएस व वी यू यांचें २०२३ मध्यें बंद केलें. व्यापाऱ्यानें दुकान मिटावें यांत गैर कांहीं नाहीं. पण जातांना गिऱ्हाइकाच्या घराची किल्लीहि खिशांत घालून जावें काय? कुलुपाचें कारण व्यापार असेल, तर व्यापार संपला म्हणजे कुलूपहि निघालें पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे. आणि या हौशी कामाचें फळ खेळांपुरतेंच नसतें. टीव्हीवर चित्रपट लावण्याचा 'कोडी' हा प्रोग्रॅम आज ठिकठिकाणीं चालतो; त्याचा जन्म जुन्या एक्सबॉक्सवर असाच कंपनीच्या परवान्यावांचून झाला होता.

या मंडळींच्या आपसांतील एका दुखण्याचाहि उल्लेख केला पाहिजे. जानेवारी २०२४ मध्यें निन्टेंडो ६४ साठीं एका हौशी माणसानें चालविलेलें 'पोर्टल' खेळाचें अवतरण, मूळ खेळाच्या मालकांनीं म्हणजे व्हॉल्व्ह कंपनीनें थांबवावयास लावलें. कारण त्यांत निन्टेंडोचीं खासगी साधनें वापरलेलीं होतीं. तींच कामें करणारीं, शून्यापासून लिहिलेलीं हौशी साधनें 'लिबड्रॅगन' या नांवानें उपलब्ध आहेत. एप्रिल २०२५ मध्यें तर वीवरील त्या दालनाच्या कर्त्यांपैकीं एकानें काम कायमचें गुंडाळतांना असा जाहीर आरोप केला कीं, सर्व जण ज्या पायावर बांधकाम करीत आले त्या 'लिबओजीसी' या साधनसंग्रहांत दुसऱ्या मुक्त प्रकल्पाचें काम कर्त्याचें नांव पुसून घेतलेलें आहे. यावर वाद झाला. खरेंखोटें ठरविणारे आम्ही कोण? परंतु फुकट वाटलेल्या कामाचें मोल कर्त्याचें नांव राखण्यांत असतें, आणि तेंहि कोणी पुसलें म्हणजे किती लागतें, तें लेखन करणारास तरी सांगावें लागूं नये. पुतण्यानें आपल्या खेळाच्या आरंभीं 'सीसी६५'चें नांव घातलें आहे, तें आम्हीं सांगितलें म्हणून नव्हे. त्यानें तें आधींच घातलें होतें.

येथवर सारें सुरळीत चाललें. मग पुतण्यानें दुसराच विषय काढला. अमेरिकेंतील आत्याबाईंनीं तीन वर्षांपूर्वीं घरांतील लहान मुलांसाठीं एक नवें खेळयंत्र पाठविलें आहे. त्याला कुलूप आहे, आणि तें उघडतां येतें. "मीं उघडूं काय?"

अण्णांनीं या वेळीं लगेच उत्तर दिलें नाहीं. ते कायद्याचें पुस्तक घेऊन बसले. आपल्या कॉपीराइट कायद्यांत २०१२ सालीं घातलेलें ६५-अ हें कलम त्यांनीं वाचून दाखविलें. दुसऱ्याच्या हक्काचा भंग करण्याच्या हेतूनें असें कुलूप फोडणारास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड आहे. परंतु कायद्यानें स्पष्टपणें मना न केलेल्या कामासाठीं केलेली कृति त्यांत येत नाहीं. ५२ व्या कलमांत, स्वतंत्रपणें लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्याशीं जुळावा म्हणून लागणारी माहिती सहज मिळण्यासारखी नसल्यास ती मिळविण्याची मुभा वस्तूच्या रीतसर धारकास दिली आहे. अमेरिकेंत याहून कडक आहे. तेथें २०१२ मध्यें फोनचें कुलूप काढण्यास सवलत मिळाली व खेळयंत्रांस नाकारली गेली. २०२१ मध्यें तबकडी वाचणारा भाग दुरुस्त करण्यापुरती मिळाली. पुस्तक मिटून अण्णा म्हणाले, "तुझा हेतु ठीक असेल तर कायदा आडवा येतोसें मला दिसत नाहीं. पण यंत्र तुझें कोठें आहे? ज्यांचें आहे त्यांना विचार."

मुलांची सभा भरली. नऊ वर्षांची आमची नात सर्वांत धीट. तिनें विचारलें, "दादा, उघडल्यावर आमचे आहेत ते खेळ चालतील ना?" खोटें बोलणें त्याच्या स्वभावांत नाहीं. तो म्हणाला, "चालतील. पण कंपनीला कळलें तर बाहेरच्या मुलांशीं खेळतां येणार नाहीं." तिची चुलत बहीण पुण्यास असते, आणि दर रविवारीं दोघी त्या यंत्रावर खेळतात. नातीनें मान हलविली. मतदान घेण्याची जरुरी पडली नाहीं.

पुतण्या दोन दिवस घुश्शांत होता. तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं हीच नात त्याच्या खोलींत गेली आणि जुन्या यंत्रावरील त्याचा खेळ तासभर खेळून बाहेर आली. हातांत वहीचा कागद होता. त्यावर लिहिलें होतें: तिसऱ्या जिन्यावर माकड भिंतींतून जातें, घागर भरली तरी रिकामी दिसते, मुलीला चप्पल नाहीं. पहिल्या दोन गोष्टी दुरुस्त झाल्या आहेत. चपलेसाठीं आणखी एक तुकडा लागतो, आणि तो कोणत्या माकडाचा काढावा याचा विचार चालला आहे.